तुझ्या आवाजाची मेंढरं

चुडावा, १२ जानेवारी २०२५

आदिनाथ,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. याआधीचं पत्र मी सहावीत लिहिलं होतं, मराठीच्या पेपरात. मित्राचं त्याच्या यशाबद्दल अभिनंदन करायचं होतं आणि मला पाचपैकी चार मार्क पडले होते. आज तोच प्रश्न आला तर मी सोडून देईन.

पुण्याचा पत्ता तुझ्या आईनेच, बानूकाकूंनी दिला. तुझी मेंढरं परवा आमच्या रानात आली. कापूस उपटून रान मोकळं झालं की बाबा तुमच्या बोरीला निरोप धाडतात, आणि तुझे वडील, दत्तरावकाका, कळप घेऊन खतासाठी रानात बसवायला येतात, त्यात यंदा नवीन काही नाही. नवीन एवढंच की तू सोबत नव्हतास. आपली ओळखच लेंडीखताची, हे तू तुझ्या नव्या चॅनलवर कुणाला सांगत नसशील.

एक लाख दहा हजार सबस्क्राईबर झाले म्हणे तुझे. मी काही बघत बसत नाही. सकाळी उठल्यावर एकदा बघतो आणि जेवल्यावर एकदा.

आपल्या चॅनलचं विचारशील तर चालू आहे. "आपल्या" हा शब्द सवयीने पडला, राहू दे. तू दिवाळीत त्या गेमिंग कंपनीकडे निघून गेलास तेव्हा अठ्ठेचाळीस हजार सबस्क्राईबर होते आणि लाईव्हला नऊशे माणसं बसायची. सबस्क्राईबर अजून तेवढेच आहेत, कारण बटण काढायचाही लोकांना कंटाळा येतो. लाईव्हला काल सदतीस होते. त्यात दोन फोन माझेच.

मी हातावर हात धरून बसलेलो नाही. रोज बरोबर पाचला लाईव्ह येतो. व्हिडिओच्या चित्रावर तोंड वासलेला माझा फोटो लावतो, कारण मोठे चॅनलवाले तसंच करतात. कमेंट करणाऱ्याचं नाव घेऊन राम राम करतो. आणि बोलतोही. आमची निकिता, माझ्या चुलत्याची, तिने परवा ऐकून सांगितलं, "दादा, तू शोकसभेत बोलल्यावानी बोलतूस." मी तिचं खोलीत येणं बंद केलं.

मला एकच कळत नाही. तीन वर्षं आखाड्यावरच्या त्या खोलीत खाली बैलं आणि वर आपण. शेतातल्या घराला आपण आखाडा म्हणतो म्हणून चॅनलचं नाव आखाडा गेमिंग, आणि निम्मे लोक कुस्ती बघायला येऊन परत जायचे. खेळायचो मी. शंभर जण बेटावर उतरतात आणि शेवटी एक उरतो, तो एक मी असायचो. गोळी माझी, नेम माझा, फोन माझा, वीज आमच्या मीटरची. तू बाजूला मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत नुसता बोलायचास. आपले चौघे विखुरले की मेंढरं वळवतात तशी हाळी द्यायचास, झाडामागे लपलेल्याला "ते बघा लांडगं बसलंय" म्हणायचास, आणि लोक हसून लोळायचे. माझं नाव त्यांनी मुका मालक ठेवलं. जिंकायचा मुका मालक आणि लोक शोधत यायचे तुला.

मागून रेल्वे गेली की कमेंटमध्ये पन्नास जण "गाडी आली" लिहायचे. गाड्या अजून जातात.

ब्लॉक करण्याइतकं मी काय केलं ते लिहून कळव. काका बरे आहेत. फोनवर काकूच बोलतात म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, काका रानात असतात.

महारुद्र


चुडावा, ९ फेब्रुवारी २०२५

आदिनाथ,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमन मला आता लांबूनच मान हलवून दाखवतो.

ठीक आहे, मीच सांगतो. तुझ्या चॅनलवर दोन तक्रारी गेल्या त्या मी केल्या. तू आखाड्यावरचे जुने तुकडे तुझ्या व्हिडिओत घातलेस. खेळ माझा होता. मी फॉर्म भरला, "हे माझ्या मालकीचं आहे" या ओळीपुढे खूण केली आणि पाठवून दिला. खूण करताना बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तिसरी तक्रार लागली की चॅनल बंद होतं. तिसरा फॉर्मही भरून ठेवलाय. नाव, पत्ता, सगळं. फक्त पाठवायचं बटण दाबायचं बाकी आहे. हे धमकी म्हणून लिहीत नाही. वाचताना तसं वाटलं तर वाटू दे.

आता दुसरी गोष्ट. बारा दिवस झाले मी रोज बघतोय. दोन वर्षांपूर्वीचा एक व्हिडिओ आहे, "बेटावरची हाळी" नावाचा. त्यात आपले तिघे डोंगरात भरकटले होते आणि तू सलग मिनिटभर हाळी दिली होतीस. तो व्हिडिओ कोणीतरी रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला लावतं. एकदा लावतं, कधी चार-पाचदा. सगळा नाही, फक्त हाळीचं तेवढं मिनिट. एक दिवस चुकलेला नाही.

माझ्या परवाच्या व्हिडिओला दिवसभरात नऊ जण आले. तो मी सात तास बसून कापला होता. आणि तुझ्या दोन वर्षांपूर्वीच्या ओरडण्याला रोजचं गिऱ्हाईक. माझ्याच दुकानात बसून तुझा माल विकतोय मी. हा जो कोणी आहे, त्याला माझा नवीन व्हिडिओ शेजारीच दिसत असेल. बघत नाही. मिनिटभर तुला ऐकतो आणि जातो. तो तूच आहेस असंही एकदा वाटलं, आणि तेव्हा दोन तास चांगले गेले. मग आठवलं की सहाला तू स्वतःच लाईव्ह असतोस.

तर आज दुपारी मी तुझा आवाज असलेले सगळे दोनशे बारा व्हिडिओ लपवले. डिलीट केले नाहीत, एवढा मी वाईट नाही. लपवले, म्हणजे मी सोडून कुणाला दिसणार नाहीत. ज्याला आखाडा गेमिंग बघायचंय त्याने आता मला बघावं. पंधरा दिवस करून बघतो.

महारुद्र


चुडावा, १९ फेब्रुवारी २०२५

आदिनाथ,

एक वाईट बातमी आहे. सोमवारी संध्याकाळी तुमची एक मेंढी मालगाडीखाली गेली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली, पाच दिवसांपूर्वी व्यालेली. मेंढरं रुळाकडच्या बांधापर्यंत पांगली होती आणि वेळेवर गोळा झाली नाहीत. नेटवर्कचा प्रॉब्लेम होता. बाकीची सगळी वाचली. काका-काकू ठीक आहेत. यात कुणाचीच चूक नाही, काकांची नाही आणि माझीही नाही. काळजी करू नकोस.

महारुद्र


चुडावा, २२ फेब्रुवारी २०२५

आदिनाथ,

वरचं पत्र टाकायला पोस्टापर्यंत गेलो आणि परत आलो. दोन्ही एकाच पाकिटात घालतोय. मी खोटं कसं लिहितो ते तुझ्याजवळ राहू दे.

आधी तुझ्यापासून लपवलेलं सांगतो. काकांचा आवाज गेलाय. डिसेंबरात नांदेडला घशातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, जिवाला धोका नाही, पण आवाज परत आला नाही. शेजारी बसलं तर कुजबुज ऐकू येते तेवढीच. तुला सांगायचं नाही असं त्यांनी मला देवाची शपथ घालून बजावलं होतं. "पोरगं समदं टाकून पळत यील," असं काकू म्हणाल्या. म्हणून फोनवर काकूच असतात. मी शपथ पाळली. खरं सांगू, पाळायला मला जड गेलं नाही. तुला ठाऊक नसलेली तुझ्या घरातली एक गोष्ट मला ठाऊक आहे, याचं मला आतून सुख होतं.

आता मेंढरांचं. एकशे चाळीस मेंढरं आवाजावर चालतात, हे तुला मी काय सांगणार. काकांचा आवाज गेल्यावर कळप कुणाचंच ऐकेना. काकूंची हाक त्यांना स्वयंपाकघरातली वाटते. मग इथे आल्यावर एका संध्याकाळी काकू तू दिवाळीत दिलेल्या फोनवर तुझे जुने व्हिडिओ बघत बसल्या होत्या. तुझी हाळी लागली आणि दूरवरची मेंढरं माना वर करून चालत आली. त्या दिवसापासून काका तू दिलेला तो छोटा स्पीकर काठीला बांधतात, सहाला हाळी लावतात, आणि सगळा कळप तुझ्या आवाजामागे तळावर येतो.

माझा रोजचा प्रेक्षक तो होता. माझ्या खोलीपासून तीनशे पावलांवर, आणि लाईव्हला कानात हेडफोन असतात म्हणून मला कधी ऐकू आलं नाही.

व्हिडिओ लपवल्याच्या दुसऱ्याच दिवशी काका आखाड्याच्या पायरीशी आले. मी खाली वाकून कान लावला.

"रुद्रा, आदूचा आवाज येईना गेलाय. बघ की जरा."

मी फोन हातात घेतला, उगाच दोन-चार ठिकाणी बोट लावलं आणि म्हणालो, "नेट न्हाई काका. यील एक-दोन दिसात."

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण मला आधी तुझा राग आला. इथे मी सदतीस माणसं धरून ठेवायला रोज तोंड वासतोय, आणि तू पुण्यात बसून, तुला पत्तासुद्धा नसताना, माझ्या बापाच्या रानात एकशे चाळीस मेंढरं वळवतोयस. मी व्हिडिओ लपवलेलाच ठेवला. आठवडाभर रोज संध्याकाळी मी खिडकीतून काकूंना पदर खोचून बांधाबांधाने पळताना बघितलं. लाईव्ह चालू असायचं म्हणून उठता आलं नाही, असं मी स्वतःला सांगायचो. लाईव्हला एकोणीस जण होते.

सोमवारी लाईव्ह मध्येच बंद करून खाली आलो. काकू धापा टाकत बांधावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "लय पळायलोत रे आमी, मेंढरं आयकनात." कळप रुळाच्या अंगाला सरकत होता. मी पायरीवर उभा राहिलो आणि हाळी दिली. तुझीच. व्हिडिओ कापताना मी ती शेकडो वेळा ऐकलीय, तू कुठे श्वास घेतोस, कुठे आवाज चढवतोस, मला पाठ आहे. अगदी तशीच दिली.

एकशे चाळीस मेंढरांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली.

फोन खिशात होता. मी तो काढला नाही. दुसऱ्यांदा हाळी दिली, तिसऱ्यांदा दिली. घसा फाटेपर्यंत. मला तुझ्याशिवाय जमवायचं होतं रे. एकदा तरी. चौथ्या वेळी हाळी देत होतो तेव्हा मालगाडीचा भोंगा वाजला.

काका मेंढीजवळ बसून होते. मी जाऊन उभा राहिलो. त्यांनी विचारलंही नव्हतं, मीच बोललो.

"नेट होतं काका. आदूचा आवाज मीच बंद केल्ता."

त्यांनी विचारलं, "कामून?"

"समदे त्यालाच आयकतेत म्हून."

"मग मेंढरायनं काय केल्तं तुझं?"

याचं उत्तर तुला सुचत असेल तर लिही, मला अजून सुचलेलं नाही.

शिव्या मिळतील, बाबांना सांगतील, तळ हलवतील, असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले आणि ते पाच दिवसांचं कोकरू माझ्या हातात दिलं. तुमच्यातली ही रीत तू मला कधी सांगितली नव्हतीस. ज्याच्यामुळे मेंढी गेली, त्यानेच तिचं पिल्लू जगवायचं. दंड नाही, भांडण नाही. जगलं तर कळपात परत येतं, आणि मेलं तर त्या माणसाच्या रानात कळप पुन्हा बसत नाही. काका एवढंच म्हणाले, "शेळीचं दूध पाज. कोमट करून. अन् मेलं तर सांगायला यिऊ नको, आमाला कळतंय."

व्हिडिओ सगळे उघडे केलेत. सोमवारीच, मेंढी पुरायच्या आधी. मंगळवारी सहाला स्पीकर लागला आणि मेंढरं आली, जसं काही झालंच नाही तशी.

तिसरा फॉर्म फाडता येत नाही, तो फोनमध्ये आहे. पुसून टाकला. पहिल्या दोन तक्रारीही मागे घेतोय.

काकांना फोन कर. शपथ मोडली, त्याचं पाप माझ्या खात्यावर आधीच जे आहे त्यात मिसळून जाईल.

महारुद्र


चुडावा, २० मार्च २०२५

आदिनाथ,

तक्रारी मागे घेतल्याचं तुला दिसलं. "दिसलं" एवढा एकच शब्द तू पाठवलास, आणि त्यासाठी पाच मिनिटं ब्लॉक काढलास. चालेल. तीन महिन्यांत तुझ्याकडून आलेलं ते पहिलंच.

तू काकांना फोन केलास ते मी आखाड्यावरून पाहिलं. काका बोलू शकत नाहीत, तरी पाऊण तास फोन कानाला लावून बसले होते. मध्येच हसले. मग तू त्यांना नवीन रेकॉर्डिंग पाठवलंस, अकरा मिनिटांचं. सकाळी चरायला न्यायची हाळी वेगळी, पाण्यावरची वेगळी, संध्याकाळची वेगळी. मागे रेल्वे नाही, शेंगा फोडल्याचा आवाज नाही, आणि मध्येच "मालक, मार त्याला" म्हणणंही नाही. काकूंनी कौतुकाने मला ऐकवलं. चांगलं झालंय. नेट नसलं तरी चालतं.

म्हणजे काकांना आता माझ्या चॅनलची गरज उरली नाही. "बेटावरची हाळी" गेले अठरा दिवस कुणी लावलेला नाही. मी रोज सहाला बघतो. शून्य. माझा एकुलता एक रोजचा प्रेक्षक होता, तोही तू नेलास. आणि तुला वाटतं मला आता राग येत नाही. मला येतो. मी फक्त त्याचं काही करत नाही.

कोकरू जगलं. पहिले चार दिवस ते बाटलीला तोंडच लावत नव्हतं. मी बोटाला दूध लावून चाटवलं. काकूंनी एकदा येऊन बाटली कशी तिरपी धरायची ते दाखवलं आणि माझ्याशी न बोलता गेल्या. आता बोलतात. दूध पाजताना मी गप्प बसलो की ते पिणं सोडून इकडेतिकडे बघतं, म्हणून मला सतत बोलावं लागतं. काय बोलायचं रोज? मी त्याला जुने डाव सांगतो. कुठे उतरलो, कुणाला टिपलं, कसा शेवटी उरलो. शोकसभेच्या आवाजात. ते बाटली संपवतं.

एक दिवस त्याला वर खोलीत घेऊन लाईव्ह बसलो. ते मध्येच ओरडलं. अकराचे एकसष्ट झाले, आणि कुणीतरी लिहिलं की मालक बोलायला लागला. निकिता म्हणाली, रोज आण त्याला, चॅनल वर येईल. तुला माहीत आहे मी या एकसष्टसाठी चार महिने काय काय केलंय. पण दुसऱ्या दिवशी मी त्याला खालीच ठेवलं. पुन्हा अकरा. असू देत अकरा.

परवा ते बैलांच्या गव्हाणीपलीकडे पार विहिरीपर्यंत गेलं होतं. मी पायरीवरूनच हाक मारली. तुझी हाळी नाही. माझीच, कशीतरी, तोंडाला आली तशी. त्याने मान वर केली. मग पळत आलं.

त्याने तुझा आवाज ऐकलेला नाही. मी व्हिडिओ लपवले होते त्या आठवड्यातलं ते, आणि काका जेव्हा जेव्हा स्पीकर लावतात तेव्हा मी त्याला आत घेतो आणि दार-खिडकी लावून घेतो. काकांना हे ठाऊक आहे. 

पाडव्याला तू येणार असं काकू सांगत होत्या. त्यानंतर कळप बोरीकडे निघेल आणि रीतीप्रमाणे ते कळपात जाईल. मग ते तुझंच ऐकणार, इलाज नाही. म्हणून एक मागणं आहे, दुसरं काही मागत नाही. तू येशील तेव्हा ते माझ्या पायापाशी असेल. त्याच्याकडे बघ, हात फिरव, हवं तर उचलून घे. पण कळप निघेपर्यंत त्याला हाक मारू नकोस.

बाकी सगळी तुझीच आहेत.

महारुद्र